तिसरी गाठ

न्हाणीघराच्या फटीतून वाफा बाहेर यायला लागल्या, तेव्हा कल्याणीच्या लक्षात आलं की हर्षदला आत जाऊन बराच वेळ झालाय. तिनं दार ढकललं. गीझर पूर्ण तापलेला होता आणि शॉवरच्या कढत पाण्याखाली तिचा नवरा शांत उभा होता. पाठ आणि खांदे लालभडक झाले होते. तिनं पुढे होऊन नळ बंद केला.

"अरे, भाजलं ना! पाणी किती कढत आहे!"

"हो," हर्षद म्हणाला. "भाजतंय."

"मग बाजूला का नाही झालास?"

त्यानं विचार केला. अगदी मनापासून विचार केला, हे त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं.

"काय माहीत," तो म्हणाला.

कल्याणीनं त्याला टॉवेल गुंडाळला, पाठीला मलम लावलं आणि मग मोरीत जाऊन ती तोंडावर हात दाबून रडली. बाहेर मुलगी होती, ईरा, अकरावीतली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

हर्षद आवटी पाटबंधारे खात्यात इंजिनियर होता. कृष्णेला पूर कधी येणार, पाणी कुठवर चढणार, हे गणित मांडणं त्याचं काम. गेल्या थंडीत एका सकाळी तो बूट घालता घालता खाली कोसळला. बोलणं शाबूत राहिलं, हातपाय शाबूत राहिले, आठवण तर लख्ख होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण घरी आणल्यावर हळूहळू कळत गेलं की नेमकं काय गेलंय ते. जेव म्हटलं की जेवायचा. घास हातात देऊन कुणी निघून गेलं, तर घास हातातच राहायचा. दुःखी नव्हता, चिडलेला नव्हता. विचारलं तर म्हणायचा, "ठीक आहे की."

मिरजेच्या रुग्णालयात डॉक्टर शाहीन मुजावरांनी मेंदूचं चित्र पडद्यावर दाखवलं. दोन्ही बाजूंना, खोल आत, तांदळाच्या दाण्याएवढे दोन काळे ठिपके.

"रक्तपुरवठा तुटून एवढाच भाग मेलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आपण समजतो की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं एकच. मेंदूत ती दोन वेगळी खाती आहेत. हर्षदना आंबा भरवा, तो गोड लागेल, त्यांना आवडेल. पण समोर कापून ठेवलेल्या फोडीकडे हात जाणार नाही. हात पुढे नेणारी जी ओढ असते, तिचा रस्ताच बंद झालाय."

"औषध?"

"औषध नाही. यंत्र आहे."

यंत्र बदामाएवढं होतं. कॉलरबोनखाली बसवायचं आणि त्याच्या केसाहून बारीक तारा मेंदूत त्या मेलेल्या भागाच्या पलीकडे न्यायच्या. ते नुसतंच चालू ठेवलं, तर माणूस दिसेल त्याच्या मागे धावत सुटे. म्हणून त्याला एक निश्चित ध्येय लागायचं. आठवडेच्या आठवडे रुग्णाला त्या ध्येयाची चित्रं, आवाज, वास, गोष्टी यांत बुडवून ठेवायचं, की त्या वेळी मेंदूत उमटणारा आकार यंत्र शिकून घेई. पुढे माणसाचं मन किंवा पाऊल त्या आकाराच्या जवळ सरकलं, की यंत्र हलका झटका देई, आणि माणसाला तिकडे जावंसं वाटे. डॉक्टर याला गाठ बांधणं म्हणत. बांधलेली गाठ सोडून नवी बांधता येई, पण दर वेळी तारांभोवती व्रण धरायचा. तीनदाच. त्यानंतर तो मेंदू काही शिकत नसे.

"ध्येय कोण ठरवणार?" कल्याणीनं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं. "कायद्यानं तुम्ही. ज्याला काहीच हवंसं वाटत नाही, त्याला आपण कसं विचारणार की तुला काय हवंय?"

*

पहिली गाठ सोपी वाटली. हर्षद पुन्हा कामावर रुजू व्हावा, एवढंच कल्याणीनं मागितलं.

काय दिवस होते ते! हर्षद स्वतः उठायचा, दाढी करायचा, जिने चढउतार करून दम वाढवायचा, जुने पुराचे नकाशे घेऊन तासन्‌तास बसायचा. ईरा म्हणाली, "आई, बाबा शीळ घालतोय!" दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर तो कामावर हजर झाला. लोकांनी हार घातला, पेढे वाटले. संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते कल्याणीनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते तेज रोज थोडं थोडं विझत गेलं. महिना व्हायच्या आत ऑफिसातून फोन आला. साहेब खुर्चीत बसलेत, समोर कॉम्प्युटर चालू आहे, पण सकाळपासून एकही आकडा भरलेला नाही.

"चूक आमची," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "ध्येय फार जवळचं दिलं. ते गाठलं, ओढ संपली."

"म्हणजे कधी न संपणारं द्यायला हवं."

"निदान लांबचं."

कल्याणी घरी आली. हर्षद पलंगाच्या कडेला तिनं बसवला होता तसाच बसलेला होता. तिनं त्याचे मोजे काढले, त्याला आडवं केलं, पांघरूण घातलं. मधले ते काही आठवडे सोडले, तर गेल्या थंडीपासून ती हेच करत होती. शाळेतली तिची चित्रकला-शिक्षिकेची नोकरी सुटली होती, मैत्रिणी सुटल्या होत्या. या माणसानं एवढ्या महिन्यांत तिला एकदाही 'तू जेवलीस का' विचारलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. कधी न संपणारं म्हणजे काय, ते तिला तेव्हाच सुचलं आणि सुचल्याबरोबर स्वतःची लाजही वाटली. लाज दोन दिवस टिकली.

नव्या गाठीसाठीच्या अर्जात तिनं 'कुटुंबाचं सुख' असं लिहिलं. अशा ध्येयाला मंजुरी लवकर मिळते हे तिला कळलं होतं. मग पुढचे आठवडे त्याच्यासमोर जे जे ठेवायचं ते ती घरून नेत राहिली. तिचे फोटो, तिच्या हसण्याचं रेकॉर्डिंग, तिच्या साडीचा वास, तिच्या आवाजातल्या जुन्या आठवणी.

"मुलीचं काही नाही?" डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"आणते," कल्याणी म्हणाली. आणलं नाही.

*

दुसरी गाठ बांधली त्या दिवशी हर्षदनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "किती वाळलीस तू," तो म्हणाला. या तीन शब्दांसाठी कल्याणीनं आणखी दहा पापं केली असती.

सुरुवातीला स्वर्ग होता. तिच्या आधी उठून तो चहा करायचा, तिला हवा तसा, आलं जास्त आणि साखर नावाला. तिचे पाय चेपायचा. तिनं सहज म्हटलं की ही भिंत पिवळी चांगली दिसेल, तर ती बाजारातून येईपर्यंत भिंत पिवळी. शेजारच्या बायका हेवा करायच्या.

पण तो तिच्या मागोमाग प्रत्येक खोलीत यायला लागला. ती न्हाणीघरात गेली तर दाराबाहेर थांबायचा. चहा दिला की तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. "आवडला? खरंच आवडला?" ती हसली की त्याचा चेहरा उजळायचा, तिनं कपाळाला हात लावला की तो पांढराफटक पडायचा. तिला दमायची चोरी, चिडायची चोरी. प्रेमाचं माणूस जवळ असूनही तिला एकटं वाटत होतं, कारण समोर दुसरं कुणी नव्हतंच. होती ती तिचीच इच्छा, त्याच्या तोंडून बोलणारी.

आणि ईरा. बारावीचा निकाल घेऊन ती धावत घरात आली. "बाबा, बघ ना!" हर्षदनं कागद बघितला आणि वळून कल्याणीला विचारलं, "तुला आनंद झाला?"

ईरानं कागद परत घेतला. संध्याकाळी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना ती आईला म्हणाली, "तू फक्त स्वतःलाच भरलंस ना त्याच्यात?"

"ईरा..."

"मला एवढंच सांग. माझा एक तरी फोटो दाखवलास?"

कल्याणी दोरीवरचे चिमटे काढत राहिली. ईरानं वाळलेले कपडे तिच्या हातात दिले आणि ती आत गेली. पुढच्याच महिन्यात ती पुण्याला शिकायला निघून गेली. फोन करायची तो मोजकं बोलण्यापुरता.

मुलगी गेली त्याच आठवड्यात ते घडलं. हर्षद कल्याणीच्या ताटाशी उभा होता. भाजी आवडली का, मीठ बरोबर आहे का, तू जेवत का नाहीस. कल्याणीच्या आत काहीतरी तुटलं. तिनं ताट ढकललं. "सोड मला! एकटीला सोड! कायमची सोड, कळतंय?"

"बरं," हर्षद म्हणाला.

ती खोलीत जाऊन पालथी पडली. डोळा लागला. जाग आली तेव्हा घर रिकामं होतं. पाकीट, फोन, चपला, सगळं जागच्या जागी. शोधाशोध झाली, पोलिसात कळवलं. तो सापडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, कोल्हापूरच्या रस्त्याला, शहरापासून फार लांब. अनवाणी चालत होता. तळव्यांची सालं निघाली होती. कल्याणी गाडीतून उतरून धावली. त्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण समाधान होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला हवं ते अगदी बरोबर देता आल्यासारखं.

"तू कशाला आलीस?" तो प्रेमानं म्हणाला. "मी जातोय ना."

*

आता एकच गाठ शिल्लक होती.

कल्याणी त्याच्या पायांची मलमपट्टी करताना एक दिवस डोकं खाजवत बसली. या माणसाला, आजाराच्या आधी, काय हवं होतं? खात्यात बढती? ती तर त्यानं एकदा नाकारली होती. घर? घर तिला हवं होतं. एकवीस वर्षांच्या संसारात त्यानं स्वतःसाठी काय मागितलं होतं, ते तिला आठवेना. तिनं कधी विचारलंही नव्हतं.

तिनं प्रवीण चौगुलेला बोलावलं. हर्षदचा कॉलेजपासूनचा मित्र. प्रवीण आला, चहा घेतला, आणि तिचा प्रश्न ऐकल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

"वहिनी, विचारू नका."

"त्याच्या मेंदूवर माझ्या नावाची गाठ मारून बसलेय मी, प्रवीणभाऊजी. आता लपवायचं काय राहिलंय?"

मग प्रवीणनं सांगितलं. लग्नाआधी हर्षद दोन वर्षं नंदुरबारकडे सातपुड्यात होता, धडगावच्या वर. तिथल्या एका पाड्यावर डोंगरातला झरा आटला होता, बाया दरी उतरून पाणी आणायच्या. झरा पुन्हा वाहता कसा करता येईल, याचा त्यानं नाद घेतला होता. पाऊस डोंगरात कुठे मुरतो, कुठल्या खडकातून सरकतो, ते शोधायचं आणि नेमक्या त्या जागी चर खोदून पाणी अडवायचं. पाच-सात वर्षांचं काम. अर्धवट टाकून तो लग्नाला घरी आला आणि परत गेला नाही.

"हे तर चांगलंच आहे," कल्याणी म्हणाली. "यात विचारू नका काय?"

"त्यानं जायचं ठरवलं होतं, वहिनी. एकट्यानं. नोकरी, घर, सगळं सोडून. त्या रविवारी तुम्हाला सांगणार होता. त्याआधीच कोसळला."

प्रवीण गेल्यावर ती हर्षदसमोर जाऊन बसली. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"तू मला सोडून जाणार होतास?"

"हो," तो म्हणाला. आठवण तर त्याची लख्खच होती.

"मला का नाही विचारलंस? मी आले असते कदाचित."

"तू नाही म्हणाली असतीस. आणि तू नाही म्हणाली असतीस तर मी गेलो नसतो. म्हणून नाही विचारलं."

"आता जायचंय?"

"नाही. आता तू हवीस." तो हसला. "तुला मी जायला हवाय का?"

कल्याणीला वाटलं, हे यंत्र उपसून कृष्णेत फेकून द्यावं. हो म्हटलं तरी ते त्याचं नव्हतं, नाही म्हटलं तरी नव्हतं. त्याचं स्वतःचं असं एकच काहीतरी या जगात शिल्लक होतं, आणि त्यात ती नव्हती.

*

"एक गोष्ट आधी सांगते," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "ही गाठ बसली की तुमच्याविषयीची ओढ जाईल. ते तुम्हाला ओळखतील, सगळं आठवेल, पण तुमच्याकडे यावंसं वाटणार नाही. आणि यानंतर माझ्या हातात काही नाही."

"झरा वाहता झाला तर? पुन्हा तेच?"

"तेच. पण मधली पाच-सात वर्षं त्यांची असतील."

"आणि नाही झाला तर?"

"तर जास्त वर्षं," डॉक्टर म्हणाल्या.

कल्याणीनं होकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. हर्षदचं सगळं लक्ष सध्या कल्याणीच्या आवाजाला बांधलेलं होतं. नवं चित्र त्याच आवाजातून आत गेलं, तरच ते नीट रुजणार होतं.

प्रवीण धडगावला जाऊन आला. डोंगराचे फोटो, दगड, मातीची पिशवी, तिथे राहिलेली हर्षदची जुनी वही आणि पाड्यावरच्या बायकांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग त्यानं आणलं. आणि कल्याणी रोज हर्षदच्या पलंगाशी बसून, न पाहिलेल्या त्या डोंगराविषयी बोलू लागली. मातीवर पाणी शिंपडून ती त्याच्या नाकाशी धरायची. "हा बघ तो काळा खडक. याच्याखाली लालसर थर आहे ना, तिथे पाणी अडतं, तूच लिहून ठेवलंयस. वरच्या अंगाला चर खणायचे. बाया घागरी घेऊन उभ्या आहेत, हर्षद."

पहिले काही दिवस तो फोटोकडे बघतच नव्हता. तिच्या ओठांकडे बघायचा. मग एकदा तिनं पाहिलं, बोलता बोलता त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून सरकली आणि दगडावर गेली. परत तिच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी नजर दगडावर जास्त वेळ थांबली. कल्याणीनं बोलणं थांबवलं नाही. आपल्याच जिभेनं ती स्वतःला त्याच्यातून पुसत होती, रोज थोडं, आणि जितकं चांगलं बोलावं तितकं लवकर.

एक दिवस तो मधेच म्हणाला, "चर इथे नको. पाणी पलीकडे झिरपेल." त्याची बोटं फोटोवरून फिरत होती.

"मग कुठे?"

तो बोलत सुटला. तिच्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

*

तो धडगावला गेला त्याला दुसरं वर्ष लागलं, तेव्हा कल्याणी त्याला भेटायला गेली. मे महिना होता. ईरा म्हणाली होती, "मी येत नाही. पण तू जाऊन ये." फोनवर हल्ली ती थोडं जास्त बोलायची.

जीप पाड्याच्या खाली थांबली. पुढे चढण. वर पोचली तेव्हा कल्याणीच्या छातीत श्वास मावत नव्हता. उतारावर माणसं चर खणत होती आणि त्यांच्या मधे हर्षद होता, काळवंडलेला, काटक, दाढी वाढलेली, हातात मोजमापाची टेप.

"कल्याणी! बरं झालं आलीस, हे बघ." त्यानं तिचा हात धरून तिला ओढतच नेलं. झऱ्याच्या तोंडाशी खडक कोरडा ठणठणीत होता. "मागच्या वर्षी माझं चुकलं. मी समजत होतो थर पूर्वेकडे उतरतो. तो पश्चिमेला उतरतो! सगळे चर पुन्हा घ्यायला लागणार." चूक सापडली याचा त्याला केवढा आनंद झाला होता. तो हातवारे करत होता, हसत होता. असा भरभरून बोलणारा माणूस तिनं एकवीस वर्षांत कधीतरी पाहिला होता का? हा कुणाचा नवरा नव्हता, कुणाचा बाप नव्हता. आणि हा पूर्ण जिवंत होता.

तिनं आणलेले लाडू त्यानं कामावरच्या माणसांना वाटले. ईराची चौकशी त्यानं केली नाही. घराची नाही, तिचीही नाही. शेवटी सावलीला एका दगडावर बसून तिनंच विचारलं. विचारू नये हे माहीत असूनही विचारलं.

"तुला माझी आठवण येते का रे?"

"नाही," हर्षद म्हणाला. त्यात दुष्टावा नव्हता. आज वारा नाही, असं म्हणावं तसं त्यानं ते सांगितलं. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुला वाईट वाटलं."

"हो."

"खूप?"

"खूप."

तो उभा होता. वरच्या उतारावरून कुणीतरी त्याला हाक मारली, टेप घेऊन या म्हणून. त्यानं तिकडे पाहिलं. मग तो खाली बसला, तिच्या शेजारी, दगडावर.

"काय झालं?" कल्याणीनं विचारलं.

"काही नाही. बसतो थोडा."

पुन्हा हाक आली. हर्षदची मान तिकडे वळली आणि त्यानं ती परत आणली. तिनं पाहिलं, त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. टेप धरलेली मूठ पांढरी पडली होती. कॉलरबोनखालचं ते बदामाएवढं यंत्र त्याला उतारावर खेचत होतं, आणि इथे बसण्यासाठी त्याला कुणीही, काहीही खेचत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवण राहील, ओढ राहणार नाही. ओढ नव्हतीच. तो नुसता बसला होता, दात आवळून, भरल्या भांड्याशेजारी तहानलेला माणूस बसावा तसा.

"त्रास होतोय तुला," ती म्हणाली.

"हो."

"मग का बसलायस?"

"तुला वाईट वाटलं ना," तो म्हणाला. श्वास घेऊन पुढे म्हणाला, "मला काही वाटत नाहीये, कल्याणी. पण बसता येतंय. बघू किती वेळ येतं."

कल्याणीनं त्याच्या घट्ट मुठीवर हात ठेवला. मूठ तापलेली होती. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं, त्याला धरून ठेवावंसं वाटत होतं, संध्याकाळपर्यंत, कायमचं. समोर डोंगर उन्हात भाजत होता, आणि कोरड्या खडकाशी दोन बाया रिकाम्या घागरी घेऊन खणणाऱ्यांकडे बघत उभ्या होत्या.

त्याचा श्वास तुटायला लागला, तेव्हा तिनं हात काढून घेतला.

"जा," ती म्हणाली. "बोलावतायत तुला."

तो उठला आणि पळतच सुटला. दगडधोंड्यांवरून चढताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. कल्याणी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, आणि दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ तिथेच बसून राहिली.